मागच्या खोलीतला अ‍ॅडमिन

गिऱ्हाईक पासवर्ड टाकत असेल तर आपण पाठ फिरवायची, हा माझा नियम. कुणी शिकवला नाही, मीच घालून घेतलाय. लोक आपला कॉम्प्युटर माझ्या टेबलावर उघडा करून ठेवतात. त्यात घरचे फोटो असतात, भांडणं असतात, नको नको ते असतं. निदान पासवर्ड तरी ज्याचा त्याच्याकडे राहावा. म्हणून मी भिंतीकडे तोंड करते आणि काहीबाही बडबडत राहते, म्हणजे समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही. हल्ली मात्र पाठ फिरवली तरी एक हात मागे, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवते. मघाशी तुमच्याही ठेवला. तुम्ही दचकलात, ते कळलं मला. आगाऊ बाई आहे असं वाटलं असेल. वाटू दे. खुर्चीत जो बसलाय तोच टाइप करतोय ना, एवढीच खात्री करून घ्यायची असते.

बसा. तुमच्या फाइली चढायला अजून वेळ आहे. तो टेबलावरचा दिवा तेवढा इकडे सरकवा, माझं सोल्डरिंगचं काम पण होईल. तोवर सांगते.

माझी थोरली बहीण भरतकामाचं दुकान चालवते. वर घर, खाली दुकान, आणि दुकानाच्या मागे एक बिनखिडकीची खोली. त्या खोलीत भरतकामाचं मोठं मशीन आणि ते चालवणारा कॉम्प्युटर. नक्षी कॉम्प्युटरवर चढवायची, मशीनला द्यायची, की सुया आपोआप धावतात. आता हे सगळं ताईचं आहे. तेव्हा भावोजींचं होतं.

भावोजी वाईट होते असं मी म्हणणार नाही. दारू नाही, मारहाण नाही, आवाज चढवणं नाही. पण घरातली एकूण एक गोष्ट त्यांच्या हातात. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. ताईच्या फोनचा पासवर्ड त्यांच्याकडे. आणि कॉम्प्युटरला तर त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ताईसाठी त्यांनी त्यावर पाहुण्याचं खातं काढून ठेवलं होतं. लग्नाची बायको, आणि पाहुणी! मी एकदा तोंडावर म्हटलं, "भावोजी, हे बरं नाही दिसत." ते नुसते हसले. कपाळाला बाम चोळत बसले होते, डोकं दुखायचं त्यांचं कायम. म्हणाले, "सगळं नीट चाललंय ना?"

चाललं होतं, कारण ताई गप्प होती.

मग ते गेले. त्या मागच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत, बसल्या बसल्या. आणि जाताना सगळे पासवर्ड बरोबर घेऊन गेले.

दिवसकार्य आटोपलं आणि भावोजींचा धाकटा भाऊ, म्हणजे ताईचा दीर, चकरा मारायला लागला. "वहिनी, तुम्हाला नाही झेपायचं हे. मशीन पडून गंजून जाईल. मी घेऊन जातो, बघतो काय ते." ताई दर वेळी विषय टाळायची. शेवटी एकदा कुठून बळ आलं कोण जाणे, ती म्हणाली, "भाऊ, मला चालवून दाखवता आलं तर राहील इथेच. नाही आलं तर न्या." त्याला हसूच आलं. "बरं. रविवारी संध्याकाळी टेम्पो घेऊनच येतो."

आणि या बाईने मला फोन कधी केला? शनिवारी. जेवणं झाल्यावर. असा संताप झाला माझा! पण करते काय, बहीण आहे.

रविवारी दुपारी मी गेले. पिशवीत नव्या सिस्टीमचा पेन ड्राइव्ह, स्क्रू-ड्रायव्हर, आणि माझा स्वतःचा कीबोर्ड, कारण गिऱ्हाइकांचे कीबोर्ड कसे असतात ते सांगायला नको. शटर अर्धं खाली होतं. दुकानात ऊन होतं, पण मागच्या खोलीत पाऊल टाकलं की ऊन संपायचं. तिथे एकच ट्यूबलाइट, तीही जरा थरथरणारी. भिंतभर दोऱ्यांची रिळं. मशीनवर प्लॅस्टिकचं कापड घातलेलं. मशीनच्या तेलाचा वास, कोंडलेल्या कापडाचा वास, आणि त्याखाली बामचा.

"उघडं ठेवत जा गं ही खोली," मी म्हटलं. "अजून वास आहे."

ताई दारातच उभी. "रोज उघडते," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसले. बसायची जागा कोमट होती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर असते ना, तशी. ताई बसली असेल, असं धरून मी कामाला लागले, पिशवीतला कीबोर्ड काढायचाही राहिला.

माझा बेत अगदी सरळ होता. जुन्या सिस्टीमचा पासवर्ड माहीत नाही? मग जुनी सिस्टीमच नको. डिस्क पूर्ण पुसायची आणि कोरी सिस्टीम घालायची, ती फुकट मिळते ना, तीच. ताईच्या नक्ष्या तिच्याकडे कागदावर होत्या, त्यामुळे गमवायचं काहीच नव्हतं. मी डिस्क पुसली. वरवर नाही हं, अगदी घासून. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे तुम्ही मला विचाराल. त्या डिस्कवर भावोजींचं एक अक्षरसुद्धा उरलं नव्हतं.

मग नवी सिस्टीम चढायला लागली. भाषा कुठली, घड्याळ किती, असले प्रश्न झाले आणि मुख्य प्रश्न आला. तुम्हाला सोप्या शब्दांत सांगते. ही सिस्टीम आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड विचारते. दोन चौकटी असतात, एकीत टाकायचा आणि दुसरीत तोच पुन्हा टाकायचा. मी त्या चौकटी नेहमी रिकाम्या सोडते. रिकाम्या सोडल्या की सिस्टीम समजते, वेगळा अ‍ॅडमिन कुणी नाही, पहिलं खातं ज्याचं तोच मालक. पण त्यात पासवर्ड भरला, की अ‍ॅडमिन वेगळा होतो आणि पहिलं खातं साध्या माणसाचं. बसायला परवानगी, हलवाहलव करायला नाही.

मी उठले आणि म्हटलं, "ताई, ये, बस. या दोन चौकटी मोकळ्या सोड, नुसतं पुढे जा. मग तुझं नाव घाल आणि तुझा पासवर्ड. मला दाखवू नकोस." आणि सवयीप्रमाणे पाठ फिरवली.

तोंड रिळांच्या भिंतीकडे, दाराच्या बाजूला. मी बडबड सुरू केली. हा निळा किती छान आहे, हा दोरा तुटत नाही का, असलं काहीतरी. मागे कळा वाजायला लागल्या. टकटकटक, टक, टकटक. भराभर, दहाही बोटांनी. मी म्हटलं, "अगं, कधी शिकलीस एवढं? छुपी रुस्तम आहेस!"

जरा थांबून पुन्हा तेच. टकटकटक, टक, टकटक. अगदी त्याच तालात. आणि शेवटी एंटरची कळ जोरात आपटली.

"कुणाशी बोलतेयस गं?"

ताई माझ्या समोर उभी होती. दारात. हातात चहाचे दोन कप.

मान वळवायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. खुर्ची रिकामी होती. पडद्यावरचा प्रश्न बदलला होता. आता तिथे पहिल्या खात्याचं नाव विचारत होतं.

"तू... इथे बसली नव्हतीस?"

"त्या खुर्चीत मी कधीच बसत नाही," ताई म्हणाली. "तू बस म्हणालीस, म्हटलं आधी टाकलेला चहा घेऊन यावा..."

म्हणजे मघाशी ती कोमट जागा ताईची नव्हती. हे माझ्या डोक्यात आलं आणि मी ते झटकून टाकलं. मी मशीनवाली बाई आहे. कीबोर्ड जुना, त्यावर वर्षानुवर्षांची धूळ, कळा अडकतात, आपोआप दाबल्या जातात. असं मी ताईला सांगितलं. खरं म्हणजे स्वतःलाच सांगितलं. तालाचं काय, ते मी विचारात घेतलं नाही.

ताईने खुर्ची मागे ढकलली, आम्हा दोघींना स्टुलं ओढून घेतली आणि एका बोटाने, प्रत्येक कळ शोधत, आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. या वेळी मी पाठ फिरवली, पण कान मागेच ठेवले.

सिस्टीम चढली. कोरी, स्वच्छ, निळा पडदा, वर ताईचं खातं. ती पहिल्यांदाच हसली. आता मशीन जोडायचं तेवढं बाकी होतं, त्यासाठी त्याचं सॉफ्टवेअर टाकायचं. आणि ते टाकायला अ‍ॅडमिनचे हक्क लागतात. मी आज्ञा दिली, ताईने आपला पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर दोन वाक्यं आली. पहिलं, ही व्यक्ती अधिकार असलेल्यांच्या यादीत नाही. दुसरं, हा प्रकार कळवण्यात येईल.

हे वाक्य सिस्टीमचंच आहे, आधीही वाचलेलं. कुणी नवशिका चुकला की ते येतं आणि आम्ही हसतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

"कळवण्यात येईल म्हणजे कुणाला?" ताईने विचारलं.

"अ‍ॅडमिनला."

"पण अ‍ॅडमिन मीच ना?"

"नाहीस... असं म्हणतंय."

"मग कोण आहे?"

आमच्या मागे खुर्ची करकरली. आम्ही दोघी स्टुलांवर होतो. बामचा वास एकदम इतका दाटला, की माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

तेव्हा मला कळलं. मघाशी चौकटी रिकाम्या राहिल्याच नव्हत्या. कुणीतरी त्या भरल्या होत्या. एकदा, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा. कोऱ्या डिस्कवर, माझ्या पाठीमागे, पहिल्याच फटक्यात स्वतःला मालक करून घेतलं होतं.

ताईचे हात मांडीवर पडले. "जाऊ दे गं," ती पुटपुटली. "भाऊ येतील, घेऊन जातील. त्यांना नाही आवडलेलं हे. मला माहीतच होतं..."

"कुणाला नाही आवडलेलं?"

तिने खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. मी घाबरते, नाही असं नाही, पण घाबरले की मला राग येतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माणसाने आपल्या बायकोचं खातं अडवून ठेवायचं? काय समजतो हा स्वतःला? मी मोठ्याने म्हटलं, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं, "भावोजी, तुम्ही गेलात. आता उठा तिथून."

ताईने माझं तोंड दाबायला हात पुढे केला. मी तो बाजूला केला आणि कॉम्प्युटर बंद केला.

आमच्या धंद्यात एक उघडं गुपित आहे. मशीन समोर असेल आणि हात मोकळे असतील, तर पासवर्ड कुणाचाही असो, आत जाता येतं. सिस्टीम सुरू होता होता तिला मधेच अडवायचं. सुरुवातीची एक ओळ असते, तिच्या शेवटी थोडे शब्द जोडायचे. मग ती काहीएक न विचारता थेट अ‍ॅडमिन म्हणून उघडते. आत गेलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलून टाकायचा. हे मी डोळे मिटून करते.

मी सुरू केलं, अडवलं, ओळ उघडली, शब्द जोडायला लागले. अर्धे लिहून झाले असतील. शेवटचं अक्षर गेलं. मग त्याच्या आधीचं. मग त्याच्या आधीचं. मी बोटं उचलली. खोडायची कळ खाली-वर होत होती. सावकाश. एकेक अक्षर, घाई नाही, राग नाही.

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं गेलं. मी दात-ओठ खाऊन तिसऱ्यांदा लिहिलं. ती कळ शांतपणे माझ्या मागोमाग येत राहिली. ट्यूबलाइट थरथरत होती. बाहेर रस्त्यावर एखादी गाडी जायची, तेवढाच आवाज. बाकी ती एक कळ... टक... टक... टक...

ताई पडद्याकडे बघत होती. तिचा आवाज आला तेव्हा तो तिचा वाटलाच नाही मला.

"असंच करायचे," ती म्हणाली. "मी पक्षी काढायचे ना... दोन-दोन दिवस एकेक पीस काढायचे. आणि हे बोलता बोलता खोडरबर घ्यायचे आणि पुसायचे. शाळेचे बिल्ले काढ म्हणायचे, पक्षी कोण घेतंय. रागावायचेसुद्धा नाहीत गं... नुसते पुसत बसायचे."

टक... टक...

"मी चहा विचारायचे तेव्हा. पुसत असताना... मी चहा विचारायचे!"

आणि ती उठली. माझी गरीब, खालमानेची ताई. तिने टेबलाखाली हात घातला आणि कीबोर्डची वायर अशी ओढली, की कॉम्प्युटरचा डबा हलला. तुटलेलं टोक माझ्यासमोर आपटलं.

"तुझा आणलायस ना? लाव तो."

मी पिशवीतून माझा कीबोर्ड काढला. लावला. आणि त्या जुन्या कीबोर्डच्या कळा थांबल्या नव्हत्या. वायर जमिनीवर लोळत होती, तो कशालाच जोडलेला नव्हता, तरी त्याच्यावर खोडायची कळ खाली-वर होतच होती. पडद्यावर मात्र माझी अक्षरं टिकली.

ताईने तो कीबोर्ड उचलला, पोटाशी धरला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून बसली, फडफडणारी कोंबडी धरावी तशी. "लिही तू," ती म्हणाली. "मी बघते यांच्याकडे."

मी लिहिलं. ओळ पुरी झाली. एंटर. काळा पडदा, आणि त्यावर अ‍ॅडमिनची खूण. आत!

मी पासवर्ड बदलायची आज्ञा दिली. नवा पासवर्ड काय? तो माझा असून चालणार नव्हता. मी म्हटलं, "ये. तुझा तू टाक."

तिने जुना कीबोर्ड माझ्या मांडीवर दिला. तो पहिला क्षण मी विसरणार नाही. तळव्यांखाली कळा जिवंत होत्या. आता एकच नाही, सगळ्या. टकटकटक, टक, टकटक, एंटर. पुन्हा. टकटकटक, टक, टकटक, एंटर. त्यांचा जुना पासवर्ड, पुन्हा पुन्हा, जोरजोरात. हाताला झिणझिण्या आल्या माझ्या. मी सगळं वजन टाकून दाबून धरलं आणि काय काय शिव्या घातल्या त्या आता नको. भावोजींना तोंडावर जे कधी बोलले नव्हते, ते सगळं बोलून घेतलं.

ताई कुठे बसली होती सांगू? त्या खुर्चीत. स्टूल लांब पडलं होतं, तिने मागे न बघता खुर्ची ओढली आणि बसली. बसल्यावर एकदा शहारली, पण उठली नाही. एका बोटाने एकेक कळ शोधून तिने नवा पासवर्ड टाकला. मग पुन्हा तोच. मी पाठ फिरवू शकत नव्हते, म्हणून डोळे मिटून घेतले.

"झालं," ती म्हणाली.

माझ्या हातांखालच्या कळा थांबल्या. एकदम. तो कीबोर्ड गारठला.

पुढचं काम सोपं होतं. ताईला यादीत घातलं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, सॉफ्टवेअर चढवलं, मशीन जोडलं. प्लॅस्टिकचं कापड काढलं तेव्हा धूळ उडाली आणि आम्ही दोघी खोकत खोकत हसलो. पहिली नक्षी कुठली घ्यायची, हे मी विचारलंच नाही. तिने तिचा कागद आणला. एक पक्षी होता, अर्धा पुसलेला, पुन्हा काढलेला.

संध्याकाळी शटर वाजलं. दीर आला, मागे टेम्पोवाला. मागच्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि थबकला. सुया धावत होत्या. कापडावर निळा पंख उमटत होता. त्याने मशीनकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, ती बसली होती त्या खुर्चीकडे पाहिलं. मग नाक वर करून वास घेतला आणि त्याचा चेहरा पडला.

"दादा..." तो म्हणाला, आणि एक पाऊल मागे सरला.

"दादा गेले, भाऊ," ताई मशीनवरची नजर न काढता म्हणाली. "तुम्ही पण या आता."

टेम्पो रिकामा गेला. मला इतकं बरं वाटलं, की त्या रात्री मी ताईकडे दोन वेळा वाढून घेऊन जेवले.

इथे संपलं असतं तर तुमच्या खांद्यावर मी हात ठेवला नसता.

ताईचं दुकान जोरात चाललंय. पक्षी खपतात, बिल्ल्यांपेक्षा जास्त खपतात. मी अधूनमधून जाते. जुना कीबोर्ड तिने भंगारात दिला, माझा तिथेच राहिला. एकदा आम्ही दोघी बसलो होतो, आणि पडद्यावर छोटी खिडकी उघडली. अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाका. आम्ही कशालाच हात लावला नव्हता. मग त्या चौकटीत ठिपके उमटायला लागले. आपोआप. अक्षरांच्या जागी ठिपके येतात ना, तसे. ते भरले, एंटर लागला, उत्तर आलं, चूक. पुन्हा ठिपके. पुन्हा चूक. मग खिडकी मिटली.

माझी पाचावर धारण बसली. ताई शेंगा सोलाव्यात तशी दोऱ्याची टोकं तोडत होती.

"रोज येतात," ती म्हणाली. "दुपारी, या वेळेला. काय काय टाकून बघतात. आधी जुनाच टाकायचे. आता दुसरे."

"अगं, मग सापडेल की एक दिवस! ठेवलायस तरी काय?"

खरं म्हणजे मी असं विचारत नाही कुणाला. पण विचारलं. तिने हसून सांगितलं, की तिने पासवर्ड म्हणून स्वतःचं नाव ठेवलंय.

मी कपाळावर हात मारला. स्वतःचं नाव! हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, काहीही ठेवा पण नाव ठेवू नका, पहिल्या झटक्यात सापडतं. "वेड लागलंय का तुला? त्यांना माहीत नाही का तुझं नाव?"

"माहीत आहे ना," ताई म्हणाली. "पण घेतलंय का कधी? ए. अगं. ऐकलं का. आत कोण आहे. लग्न झाल्यापासून एकदा तरी मला नावाने हाक मारलीय का यांनी? आठव बघू."

मी आठवलं. खरंच नव्हती मारली.

"कुलूप साधंच आहे," ती म्हणाली. "पण ते उघडायला यांना माझं नाव घ्यावं लागेल. नाही घ्यायचे. जीव गेला तरी घेतलं नाही."

आता तुम्ही म्हणाल, ही बाई बहिणीचा पासवर्ड सांगून बसली. पण मी तिचं नाव सांगितलंय का तुम्हाला? एवढी मोठी गोष्ट सांगितली, ताई ताई म्हणत सांगितली. विचारलंत तरी सांगणार नाही.

परवा गेले होते. दुपारची वेळ. मशीन बंद होतं, ताई चहा पीत होती. खिडकी उघडली. मी आता घाबरत नाही, मी चहाचा घोट घेतला आणि बघत बसले. ठिपके काही येईनात. चौकट रिकामी, आत रेघ लुकलुकतेय. बराच वेळ झाला. एरवी इतका वेळ लागत नाही.

मग कीबोर्डवर एक कळ खाली गेली. दहा बोटांचा तो ताल नव्हता. एकच कळ, जपून, पहिल्यांदाच शोधत असल्यासारखी. मी कळ कुठली ते पाहिलं. ताईच्या नावाचं पहिलं अक्षर होतं.

पुन्हा बराच वेळ काही नाही. बामचा वास आला, फार दिवसांनी. दुसरी कळ खाली गेली. दुसरं अक्षर.

मी कप सोडला आणि वायरीकडे झेप घेतली. हे आत आले तर मशीन जाईल, खातं जाईल, ताईचं सगळं जाईल! माझा हात वायरीला लागला असेल-नसेल, ताईने माझं मनगट धरलं. घट्ट. डोळे पडद्यावर, गाल लाल झालेले.

"सोड, ताई! अगं, ते घेतायत नाव..."

"मग घेऊ देत," ती म्हणाली. "एकदा पुरतं घेऊ देत. मग बघते मी त्यांच्याकडे."

आणि तिसरी कळ खाली गेली.